घरच्या कापडाची पट्टी

१० एप्रिल २००६, सोमवार

आज आमच्या पोराचं, भाविकचं ऑपरेशन झालं. भावकीत, कारखान्यात, शेजारीपाजारी सगळीकडे मी हर्निया सांगितलंय. पण डायरी माझी स्वतःची, इथे खोटं लिहून कुणाला फसवणार? सुंता केली. सत्तावीस वर्षांच्या घोड्याची, आणि तीही लग्न तोंडावर आलेलं असताना.

हौसेनं नाही केली. कातडी पुढून आकसत चालली होती. लघवीला जळजळ, मध्येच सूज. पोराने कुणाला काही न सांगता दोन वर्षं काढली. साखरपुडा झाल्यावर एकटाच कल्याणच्या डॉक्टरांना दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, मलमाने बरं व्हायची वेळ गेली, लग्नाआधी काढून मोकळे व्हा. मग मला सांगायला आला तो नेमका आमच्या यंत्रमागांच्या कारखान्यात. लूम चालू असले की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणून जागा निवडली. मलाही ऐकू आलं नाही. दोनदा "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा तो जीव खाऊन ओरडला आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि "सुंता करायचीय" हे शेडभर ऐकू गेलं. कामगार सगळे यूपीचे, त्यांना मराठी काय कळणार, म्हणून निभावलं. मुकादम तोंडावर गमछा धरून बाहेर का गेला ते कळलं नाही. सर्दी असेल.

लग्न पाच मेला. मुलगी दिपाली, पडघ्याच्या काथोड भोईरांची. हायवेला लागून त्यांची गोडाऊनं आहेत आणि माणूस फटकळ. आमच्या, भिवंडीतल्या नारपोलीच्या केण्यांच्या घरात हे आजवर कुणी केलेलं नाही. काथोडशेठना कळलं तर काय म्हणतील? म्हणून हर्निया.

प्रश्न पट्टी बदलण्याचा. कंपाउंडर घरी बोलावला तर बोभाटा होणार. आईसमोर भाविक लाजतो. राहिलो मी.

१२ एप्रिल

आज पहिली पट्टी बदलली. सिस्टरने दवाखान्यात बजावलं होतं: कोमट मिठाचं पाणी सोडत राहा, जखमेवरची गॉजची जाळी भिजून आपोआप सुटली पाहिजे, ओढायची नाही. मग मलम, त्यावर व्हॅसलीनची जाळी, त्यावर सैल पट्टी.

दार लावलं. भाविक पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघू लागला. मीही आधी छताकडेच बघितलं. हा पोरगा बालवाडीत जायला लागला तेव्हापासून मी त्याला आंघोळ घातलेली नाही. तेव्हाही घातली असेन की नाही, शंकाच आहे, कारण तेव्हा मी दोन्ही शिफ्ट कारखान्यातच असायचो. काहीतरी बोलायला हवं म्हणून लोडशेडिंगचा विषय काढला. तो म्हणाला, "हो ना." मग आम्ही लोडशेडिंगवर बरंच बोललो.

जखम पाहून मात्र वाटलं, कंपाउंडरच बरा होता. सुजलेलं, जांभळं, आणि कडेने काळे टाके. हे टाके आपोआप विरघळतात म्हणे. पण मी सावळाराम केणे आहे, चालत्या लूमवर तुटलेली सुताची तार जोडणारा माणूस. पाणी सोडत गेलो, जाळी सुटली, रक्ताचा थेंब नाही. भाविक म्हणाला, "बाबा, तुमचा हात हलका आहे."

एवढं ऐकल्यावर मी बाहेर आलो तो छाती काढूनच. दाराशी माझ्या बायकोने, पार्वतीने, दुसरं पातेलं कोमट पाणी आणि मीठ आणून ठेवलेलं होतं. पाणी मी मागितलं नव्हतं, आणि तिलाही मी हर्नियाच सांगितलंय. हर्नियाला शेकायला लागतं असं तिला वाटत असणार. बायकामाणसांना असल्या गोष्टी कळत नाहीत हे एका अर्थी बरंच आहे.

१४ एप्रिल, शुक्रवार

शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे आजाऱ्याला बघायला रीघ. नारळपाणी, ग्लुकोज बिस्किटं आणि मोसंबी यांचं दुकान टाकता येईल.

सगळ्यात शेवटी पार्वतीचा भाऊ लडकू आला. हर्निया हे नाव मला सुचलं ते याच्यामुळेच, याचं गेल्या वर्षी झालं होतं. ते लक्षात न घेता मी नाव उचललं ही माझी अक्कल. आल्या आल्या त्याने शर्ट वर केला, लेंगा खाली ओढला आणि सगळ्यांसमोर टाका दाखवला.

"ह्यो बघ, माजा उजवीकरं हाय. तुजा कंच्या बाजूला?"

भाविक म्हणाला, "मधे."

"मधे? मधे कसा आसंल? दाव बघू."

"पट्टी आहे मामा, डॉक्टरांनी उघडायची नाही म्हणून सांगितलंय."

"आरं वरून दाव, मी काय परका हाय का?" म्हणत त्याने चादरीलाच हात घातला. मी मध्ये पडलो. चहा सांडला, बरं झालं. लडकू गेला, पण जाताना त्याचं तोंड सरळ नव्हतं. माणूस चोंबडा आहे आणि पडघ्याला त्याचं जाणंयेणं आहे.

भाविकने मात्र एवढ्या दुखण्यात जी थाप मारली ती बघून मला अभिमान वाटला. "मधे" हे उत्तर मला सुचलं नसतं.

१५ एप्रिल

सिराज आला होता. त्याचा कारखाना माझ्या भिंतीला भिंत लावून आहे, त्याच्या आणि माझ्या बापाने एकाच साली लूम टाकले. सफरचंदं घेऊन आला, भाविक उठून संडासाकडे जाताना त्याने पाहिलं, आणि मला गॅलरीत ओढून नेलं.

"सावळा, हर्निया काय रे?"

"हर्निया म्हणजे आतडं…"

"अरे बस कर. लुंगी पुढून दोन बोटांत धरून, पाय फाकवून चालतोय. आमच्या मोहल्ल्यातलं कुठलंही पोर ही चाल वळखील. और तू मला आतडं शिकवतो?"

मी शरमेने खाली बघितलं. वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. म्हणाला, "लुंगीला पुढून नाडा लाव आणि गळ्यात अडकव, म्हणजे कापड लागणार नाही. आमच्या पोराच्या, फरहानच्या वेळेला त्याच्या आईने, जाहिदाने तसंच केलं होतं. आणि जखमेवर पिवळी साय येईल, तिला पू समजून खरवडत बसू नको." डॉक्टरांना फोन केला तर तेही तेच बोलले. नाडा लावला. भाविक आता घरात जरा मोकळा फिरतो.

जाताना सिराज म्हणाला, "मुबारक म्हणू की नको?" मी म्हटलं, "लग्नाच्या दिवशी म्हण." मग आम्ही दोघंही हसलो.

१७ एप्रिल

आज एक विचार आला आणि मलाच माझं कौतुक वाटलं.

मेडिकलमधली ती जाळी हातात धरली की माझं डोकं फिरतं. त्याला कापड म्हणायचं? पिठाची चाळणी बरी. इतकी वर्षं माझ्या लूमवरचं केंब्रिक, बारीक विणीचं सुती कापड, देशभर जातंय. एका इंचात तार मोजून घ्यावी, कुठे दाट नाही की विरळ नाही. आणि माझ्या स्वतःच्या पोराच्या जखमेवर ही चिंधी? नव्या ताक्यातून हातभर कापड फाडलं, गरम पाण्यातून काढलं, इस्त्री केली आणि पट्ट्या कापल्या. इतकं सुबक काम झालं की पार्वतीला दाखवल्याशिवाय राहवलं नाही.

तिने बोटांत चुरगाळून पाहिलं. "हे कोरं कापड लावणार? तान्ह्या बाळाला पण आपण जुन्या लुगड्याची दुपटी करतो. कोरं टोचतं."

मी म्हटलं, "कापडातलं तू मला सांगू नको."

ती म्हणाली, "नाही सांगत." आणि पोळ्या लाटायला गेली.

जाळी काढून टाकली आणि घरची पट्टी बांधली. भाविकला विचारलं, "कसं वाटतंय? मेडिकलच्यापेक्षा बरं ना?" तो म्हणाला, "हो बाबा, बरं आहे." थोडा घाम आला होता त्याला. एप्रिलचा उकाडा.

१९ एप्रिल

घरची पट्टी छान बसली आहे. एकदम घट्ट, म्हणून रोज सकाळी नुसती वरून बघतो, सोडत नाही. भाविक दोन दिवस जेवण कमी करतोय. मोबाईलवर मात्र कुणाशी तरी सारखा हळू आवाजात बोलतो, मधूनच हसतो. सुताच्या दलालाशी बोलत असेल. आजारपणातही धंद्याकडे लक्ष आहे पोराचं.

२० एप्रिल

आज लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी पट्टी बदलायला बसलो. पाणी सोडलं, कापड भिजेना. पाणी वरून घरंगळून चाललं. आणखी सोडलं. तरी नाही. कोऱ्या कापडाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, सायझिंगमध्ये खळ चढवलेली असते, ती एका धुण्यात जात नाही, हे भिवंडीत जन्मलेल्या कुणालाही माहीत आहे. मला माहीत नाही? रोज उठून मी तेच बघतो. पण माझंच कापड, म्हणून ते डोक्यातच आलं नाही. खळ आणि जखमेचा ओलावा मिळून पट्टी पुठ्ठ्यासारखी वाळली होती. मला वाटलं, कडेने थोडी सोडवून घेऊ.

दोन टाके सुटले. रक्त आलं ते थांबेना. पार्वती दार ढकलून सरळ आत आली. लाजायचं कोण आणि कशाला, कुणालाच सुचलं नाही. तिने स्वतःच्या जुन्या सुती साडीचा उकळून वाळवलेला धडपा दाबून धरला. तो तिच्याकडे तयार होता. सिराजने गाडी काढली आणि आम्ही कल्याण गाठलं.

डॉक्टरांनी ते कापड चिमट्यात धरून मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "केंब्रिक." त्यांनी ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा टाके घातले. आत पू धरायला लागला होता, त्याची इंजेक्शनं लिहून दिली. पाच मेला तासन्‌तास पाटावर बसायचं विसरा, म्हणाले.

परत येताना गाडीत मी भाविकला विचारलं, "दुखत नव्हतं?"

"दुखत होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही ती पट्टी बांधलीत तेव्हापासून."

"मग तोंड शिवलं होतं का? बोलायचं नाही?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्ही इतक्या हौसेने कापली होतीत. आणि बाबा, रोज सकाळी तुम्ही अर्धा तास माझ्याजवळ बसत होतात. मला वाटलं, नको म्हटलं तर तुम्ही कंपाउंडर लावाल."

मला रडू आलं. सिराज गाडी चालवत होता, त्याने आरसा दुसरीकडे फिरवला.

२२ एप्रिल

मेडिकलची जाळी. कोमट पाणी. ओढायचं नाही. सूज उतरतेय. आज लोडशेडिंगवर बोललो नाही. त्याला नवीन लूम कुठल्या कंपनीचे घ्यायचेत ते त्याने सांगितलं आणि मी मध्ये न बोलता ऐकलं.

तारीख पुढे ढकलावी लागणार. भाविक म्हणाला, "बाबा, पडघ्याला खरंच सांगून टाकू. यात लपवण्यासारखं काय आहे?" मी त्याला गप्प केलं. त्याचं काय जातंय? बोलणी खायला मी आहे. हर्नियाचा टाका पिकला, एवढं सांगितलं की पुरे.

२५ एप्रिल

पार्वती भावाकडून बातमी घेऊन आली. लडकूने पडघ्यात जाऊन सांगितलंय की आपण मामा असून पोराने टाका दाखवला नाही, हर्निया मधोमध कुणाला होत नाही, काहीतरी पाणी मुरतंय. तिथून पुढे बातमीला पाय फुटले. नवऱ्या मुलात खोट आहे, हे लग्न नावापुरतंच होणार, असं बायका विहिरीवर बोलतात. काथोडशेठ लग्न मोडायच्या गोष्टी करतायत.

मी लडकूला शिव्या घातल्या. पार्वती म्हणाली, "त्याला कशाला? हर्निया त्याने सांगितला का?" ही बाई हल्ली फार बोलते. बोलते ते बरोबर असतं, म्हणून जास्त लागतं.

उद्या पडघ्याला जातो. काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

२७ एप्रिल

काल पडघ्याला जाऊन आलो. रात्री लिहायचं त्राण नव्हतं, म्हणून आज सकाळी, पट्टी बदलून झाल्यावर लिहितो.

काथोडशेठ ओटीवर बसले होते. बाजूला त्यांच्या मालकीणबाई, आणि अंगणात मोठा मुलगा भावेश मोटारसायकल पुसत होता. "या" म्हणाले, पण "बसा" म्हणायला वेळ लावला. दिपालीने पाणी आणलं. पेला देताना हळूच विचारलं, "आता सूज कमी आहे ना, मामा? ताप तर नाही परत?" मुलगी समजूतदार. हर्नियालाही सूज येते हे तिला माहीत होतं.

मी सुरुवात केली. "शेठ, तारीख जरा पुढे न्यावी लागेल. टाका पिकलाय."

"कंचा टाका?"

"हर्नियाचा."

"सावळारामशेठ, मी आरपार बोलनारा मानूस हाय. माज्या कानावं आलाय का पोऱ्यात खोट हाय. पोरगी देतो मी, गोनी न्हाय देत. डाक्टरचा कागद हाय का? दावा."

कागद माझ्या खिशात होता. त्यावर काय लिहिलंय ते शिकलेला माणूस वाचू शकला असता. मी खिशावर हात ठेवला आणि तसाच बसलो. मनात आलं, उठून जावं, मोडलं तर मोडू दे, केण्यांचं नाव तरी झाकलेलं राहील. तेवढ्यात काथोडशेठ पुन्हा म्हणाले, "बगा, खोट हाय म्हनूनच मानूस गप बसतं."

मग माझं डोकं सटकलं. मी उभाच राहिलो.

"खोट माझ्यात आहे, शेठ. माझ्या पोरात नाही. त्याची सुंता केलीय. होय, सुंता. कातडी आकसली होती, लघवीला त्रास होता. दोन वर्षं सोसलं त्याने. तुमच्या पोरीला उद्या त्रास नको म्हणून लग्नाआधी स्वतः डॉक्टरकडे गेला, स्वतः टेबलावर झोपला. चांगला बरा होत होता. मी मोठा कापडवाला, माझ्या लूमचं कोरं कापड बांधलं आणि जखम चिघळवली. त्याने माझं मन मोडू नये म्हणून तेही सोसलं. असा पोरगा तुमच्या अख्ख्या पडघ्यात असेल तर दाखवा. लाज मला वाटत होती, म्हणून हर्निया सांगितला. आता नाही वाटत. मोडायचं असेल तर मोडा, पण त्याला खोट लावू नका."

एवढं मोठ्याने बोललो की रस्त्यावरचा ट्रकवालाही बघायला लागला. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. भावेशचा फडका थांबला. दिपाली दारात उभी होती, तिच्या तोंडावर आश्चर्य असं काही दिसलंच नाही. उलट ती हसल्यासारखी वाटली. हल्लीच्या मुली खंबीर असतात.

काथोडशेठ उठले. पायात चपला सरकवल्या. मला वाटलं, आता हाकलतात. म्हणाले, "चला, नवीन गोडाऊन दावतो तुमाला."

गोडाऊन मी आधी दोनदा पाहिलेलं. तरी गेलो. मागच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, जिथे कुणी नव्हतं, तिथे ते थांबले. मग एवढा आडदांड माणूस, ज्याच्यासमोर हमाल मान वर करत नाहीत, तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लई दुखतं का हो?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"तुम्हाला पण?"

"साखर हाय ना मना. वरीस झाला, डाक्टर सांगतंय का काडून टाक. लघवीला बसलो का डोल्यांत पानी येतं. कोनाला सांगू? घरच्यांनाबी न्हाय बोललो. आपल्यात कोन करतं ह्या?"

"भाविकने केलं," मी म्हटलं, आणि हे म्हणताना मला जे वाटलं ते आजवर कुठल्याच कापडाबद्दल वाटलेलं नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. इंजेक्शन दिल्यावर कापताना कळत नाही, नंतर चार दिवस ठणकतं, चालायला त्रास होतो, साखर आधी खाली आणावी लागेल. ते मान डोलवत ऐकत होते. साखरपुड्याला त्यांनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

लग्नाचं त्यांनी दोन शब्दांत मिटवलं. तारीख पुढची काढू, लडकूचं तोंड मी बंद करतो, म्हणाले. मग विचारलं,

"पोऱ्याची पट्टी कोन बदलतं?"

"मी. रोज सकाळी."

त्यांनी भिंतीच्या कडेने वाकून अंगणाकडे पाहिलं. भावेश मोटारसायकलला किक मारत होता. तो गेटबाहेर पडेपर्यंत ते बघत राहिले.

"माजा न्हाय बदलनार," ते म्हणाले. "आमी दोगं जेवायलाबी एका टायमाला बसत न्हाय."

मी म्हटलं, "भावेशला एकदा विचारून बघा. मी आणि भाविकही आधी कधी असे जवळ बसलो नव्हतो, पण झालं. आणि नाहीच म्हणाला तर मी येईन पडघ्याला. पहिली एसटी पकडतो. हात बसलाय आता माझा."

काथोडशेठनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि सोडलाच नाही. हात धरूनच म्हणाले, "मंग लग्नाच्या आधीच माजा पन उरकून टाकू."